न्यूझीलंड, गायींचे ढेकर आणि गुंडाळून ठेवलेला टॅक्स

वायकाटोकर
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५, रा. ९:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला राहतो, डेअरी फार्मवाल्यांचे हिशेब बघतो, म्हणजे गायींशी संबंध कागदावरचाच, पण हा विषय सारखा टेबलावर येतो. गेल्या महिन्यात इथल्या सरकारनं मिथेन (हवा तापवणारा वायू) किती घटवायचा याचं २०५० चं टार्गेट सैल केलं आणि शेतीतल्या मिथेनवर टॅक्स लावणारच नाही असं एकदाचं सांगून टाकलं. त्यावर आपल्याकडच्या ग्रुप्सवर गायीच्या पादण्याचे विनोद फिरायला लागले, म्हटलं चला लिहूनच काढू.

तर पहिलं म्हणजे ते पादणं नाहीये, ढेकर आहे. गाय रवंथ करते, तिच्या कोठीपोटात गवत आंबतं, तिथल्या सूक्ष्मजीवांमुळे मिथेन तयार होतो आणि जवळजवळ सगळा तोंडावाटे बाहेर पडतो. इथला ढोबळ हिशेब असा की जनावरानं खाल्लेल्या दर किलो कोरड्या चाऱ्यामागे साधारण २१ ग्रॅम मिथेन. जितकं खाणार तितका गॅस सोडणार.

आता देश बघा. माणसं ५० लाखांच्या थोडी वर, गाईगुरं साधारण १ कोटी, त्यातली जवळपास ६० लाख दुधाच्या कळपातली, आणि मेंढ्या सव्वादोन-अडीच कोटी. १९८२ साली मेंढ्या ७ कोटी होत्या! त्या घटत गेल्या आणि दुधाला भाव आला तशा लोकांनी गायी वाढवल्या. वीज बरीचशी धरणांची, त्यामुळे कोळशाचा धूर कमी आणि देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचाच वाटा निम्म्याच्या वर. श्रीमंत देशांत असं दुसरं कुणी नाही, आयर्लंड त्यातल्या त्यात जवळ येतं.

हे काही आज कळलेलं नाही. २००३ मध्ये हेलन क्लार्कच्या सरकारनं शेतकऱ्यांवर छोटीशी लेव्ही (ठरावीक कामासाठीची पट्टी) टाकायचं ठरवलं होतं, आणि तो पैसा फक्त मिथेनवरच्या संशोधनाला जाणार होता बरं का, तिजोरीत नाही. विरोधकांनी त्याचं नाव ‘फार्ट टॅक्स’ पाडलं आणि विषय संपला. नॅशनल पक्षाच्या शेन आर्डर्न नावाच्या खासदारानं ‘मर्टल’ नावाचा जुना ट्रॅक्टर थेट वेलिंग्टनच्या संसदेच्या पायऱ्यांवर चढवला, तो फोटो इथं अजून दाखवतात. लेव्ही मागे घेतली, बदल्यात दूध-मांस उद्योगानं आपणहून संशोधनाला पैसे द्यायचे ठरलं. ते पैसे आले हे मान्य करायलाच पाहिजे. पुढे पामर्स्टन नॉर्थला याच विषयाचं संशोधन केंद्र झालं, आणि २००९ ला कोपनहेगनच्या परिषदेत शेतीतल्या हरितवायूंसाठी देशोदेशींची संशोधन आघाडी उभी राहिली ती न्यूझीलंडच्याच पुढाकारानं.

मग २०१९ चा कायदा. त्यात मिथेन वेगळा काढला, बाकीचे वायू २०५० पर्यंत नेट झिरो (जेवढे सोडाल तेवढे शोषून घ्यायचे), आणि जनावरं-कचऱ्याचा मिथेन २०१७ च्या तुलनेत २०३० पर्यंत १० टक्के आणि २०५० पर्यंत २४ ते ४७ टक्के कमी. नॅशनलनंही बाजूनं मत दिलं. सरकार, शेतकरी संघटना आणि माओरी (इथले मूळ रहिवासी) प्रतिनिधी मिळून ‘हे वाका एके नोआ’ नावाची भागीदारी झाली, की बाबांनो कार्बन मार्केटमध्ये (जिथं उत्सर्जनाचे परवाने विकत घ्यावे लागतात) ढकलण्यापेक्षा तुम्हीच सांगा किंमत कशी लावायची. २०२२ च्या ऑक्टोबरात जसिंडा आर्डर्न सरकारनं फार्मवर लेव्हीचा आराखडा मांडला, २०२५ पासून लागू, गोळा झालेला पैसा परत शेतीतच. लगेच ‘ग्राउंडस्वेल’ या शेतकऱ्यांच्या विरोधी गटानं गावोगाव ट्रॅक्टर रस्त्यावर आणले. २०२३ ला सरकार बदललं, २०२४ च्या जूनमध्ये शेती कार्बन मार्केटमध्ये आणायची नाही असं ठरवलं, ती भागीदारी मोडली, आणि आता २०५० चं टार्गेट १४ ते २४ टक्के. त्यांच्याच क्लायमेट चेंज कमिशननं उलट ते ३५ ते ४७ करा असं सांगितलं होतं.

माझं मत विचाराल तर या देशानं मिथेन मोजायला आणि त्यावर डोकं चालवायला जेवढं केलं तेवढं क्वचितच कुणी केलं असेल, फक्त किंमत लावायची वेळ आली की दर वेळी कच खाल्ली. ‘तंत्रज्ञान येतंय, थोडं थांबा’ हे २००३ पासून चालू आहे. आणि तंत्रज्ञान आलं तरी ते फुकट कोण वापरणार हा प्रश्न कुणी विचारत नाही.

जाणकारांनी भर घालावी.

तिरकस
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५, रा. ९:३०

मस्त धागा. आमच्या ऑफिसात जेवणानंतरच्या ढेकरांवर लेव्ही लावली तर तिमाहीचं टार्गेट सहज गाठू.

पंचगंगा
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५, रा. १०:०५

चांगली माहिती. आमच्याकडं चार म्हशी आणि दोन एचएफ (होल्स्टीन) गायी, गाव कोल्हापूरच्या पश्चिमेला. एक विचारायचं होतं, हे जे मिथेन मोजतात म्हणता ते मोजतात कसं? जनावराच्या तोंडाला पिशवी बांधतात काय? आणि ते कमी केलं तर शेतकऱ्याला काय सुटतं? कारण दुधाला भाव द्यायच्या वेळी सगळे हात वर करतात, नियम मात्र आधी गोठ्यात येतात.

लिंकनची_लेक
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५, प. ४:४८

पंचगंगा दादा, मोजण्याचं मी सांगते, मी कॅंटरबरीत मेंढ्यांच्या फार्मवर सीझनला काम केलंय, तेव्हा हे जवळून बघितलं. एक ट्रेलर येतो, त्यावर डझनभर पेट्या रांगेत, बाजू पारदर्शक. मेंढ्यांना चरण्यावरून काढायचं, वजन घ्यायचं आणि एकेकीला एकेका पेटीत घालायचं, वरून हवाबंद. पाऊण तास वगैरे ती आत नुसती उभी, समोरच्या पेटीतल्या मेंढीकडे बघत रवंथ करत बसते, अजिबात घाबरत नाही. मग पेटीतली हवा यंत्रावर तपासतात, किती मिथेन साठला, किती कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन किती कमी झाला. सोडली की सरळ गवताकडे पळते. गायींसाठी वेगळं आहे, एक खाद्याचं यंत्र असतं, गाय पेंड खायला डोकं आत घालते आणि तेवढ्यात तिचा श्वास ओढून घेऊन मोजणी होते.

या पेट्यांमुळेच एक मोठी गोष्ट झाली. डनीडिनजवळच्या इन्व्हरमे केंद्रात अनेक वर्षं कमी मिथेनवाल्या आणि जास्त मिथेनवाल्या मेंढ्यांचे दोन वेगळे कळप वाढवले, आणि तीन पिढ्यांत दोघांत १० ते १२ टक्क्यांचा फरक पडला, तोही मांस-लोकर न घटता. आता मेंढा विकत घेताना त्याच्या बाकीच्या गुणांबरोबर मिथेनचा आकडाही मागता येतो. औषध नाही, खर्च नाही, आणि पुढच्या पिढीत आपोआप उतरतं.

पण धागाकर्त्यांशी मी पूर्ण सहमत नाही. टॅक्सला विरोध करणारे सगळे हटवादी आहेत असा सूर लागलाय, तसं नाहीये. डोंगरउतारावरच्या मेंढीवाल्यानं करायचं काय? कळप कमी करणं हाच त्याच्या हातात एक उपाय. आणि कळप कमी केला की जमीन पाइन लावणारे विकत घेतात, कारण झाडांचे कार्बन क्रेडिट मिळतात. मी राहिले त्या खोऱ्यात बघता बघता डोंगर पाइनचे झाले, शाळेतली मुलं कमी झाली, लोकर कातरणारे दुसरीकडे गेले. हे दुःख हॅमिल्टनच्या ऑफिसातून दिसत नाही, सॉरी.

वायकाटोकर
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५, स. ११:२०

लिंकनची_लेक, ऑफिसचा टोमणा पोचला :) पाइनचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण तो कार्बन क्रेडिटच्या नियमांचा दोष आहे, मिथेनच्या लेव्हीचा नाही, कारण लेव्ही कधी लागलीच नाही आणि पाइन तरी आलेच. मेंढीवाल्यांना सवलत देऊन डेअरीला लावा म्हटलं असतं तर समजू शकलो असतो. पण २०२४ ला दोघांनाही सरसकट सोडलं, त्यात माझ्या ओळखीतले साडेचारशे-पाचशे गायींवाले पण आले (इथला सरासरी कळपच तेवढा असतो) आणि त्यांचं बऱ्यापैकी चालतं, मी त्यांच्या वह्या बघतो.

डॉ_खूर
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५, दु. ३:१५

मी जनावरांचा डॉक्टर, सातारा जिल्हा. चर्चा राजकारणात जायच्या आत पोटातलं थोडं सांगतो.

कोठीपोटात जिवाणू चारा फोडतात तेव्हा हायड्रोजन सुटतो. तो साचला तर आंबवण्याचं काम मंदावतं, म्हणून तिथं राहणारे दुसरे जीव, मिथॅनोजेन, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वापरून मिथेन करतात. म्हणजे मिथेन ही गायीची चूक नाही, साचलेला हायड्रोजन बाहेर काढायची ती वाट आहे. पण त्यात चाऱ्यातली साधारण सहा टक्के ऊर्जा हवेत जाते. शेतकऱ्याच्या खिशातून आलेली ऊर्जा.

औषधं दोन-तीन प्रकारची. बोव्हाएर म्हणून एक आहे, मिथॅनोजेन मिथेन बनवतात त्या शेवटच्या टप्प्यातल्या एन्झाइमला अडवतं. गोठ्यात गव्हाणीत खाणाऱ्या गायींत चांगलं चालतं, मिथेन २५-३० टक्के खाली येतो. पण ते प्रत्येक घासाबरोबर पोटात जायला हवं, तासा-दोन तासांत असर उतरतो. न्यूझीलंडच्या गायी दिवसभर रानात चरतात, दूध काढायला दोनदा शेडमध्ये येतात. मधल्या वेळात काय? म्हणून तिथं सगळे हळूहळू विरघळणाऱ्या बोलसच्या (मोठ्या गोळीच्या) मागे आहेत, एकदा घशातून पोटात ढकलायचा की कित्येक महिने काम करत राहतो. ‘रुमिनंट बायोटेक’ नावाची तिथलीच कंपनी ते करते. दुसरं म्हणजे लस. कल्पना झकास आहे, गायीच्या लाळेत प्रतिपिंडं तयार व्हावीत आणि ती कोठीपोटात जाऊन मिथॅनोजेनला चिकटावीत, कारण गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते. फुकटचा वाहक. पण कित्येक वर्षं काम चालू आहे, बाजारात अजून नाही. पोटातले हे जीव फार जुने आणि चिवट आहेत, एकाला दाबलं की दुसरा जागा घेतो.

समुद्री शेवाळ पण आहे, ॲस्परागॉप्सिस. त्यातल्या ब्रोमोफॉर्म या रसायनामुळं मिथेन खूप उतरतो, पण ब्रोमोफॉर्म म्हटल्यावर दुधात काय उतरतं हे आधी बघणार ना!

आकडेमोड
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५, सं. ६:४०

डॉक्टर, सुंदर. आता मी सरकारची बाजू घेतो, कुणीतरी घ्यायला हवी.

मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो, मग मोडतो. कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं राहतो. म्हणून दोघांना एकाच मापानं मोजणं चुकीचं, हे न्यूझीलंडच्याच शास्त्रज्ञांनी लावून धरलं आणि बरोबर आहे. गच्चीवरची टाकी समजा. तळाला गळती आहे. वरून जेवढं पाणी येतं तेवढंच गळत असेल तर पातळी वाढत नाही. कळप स्थिर असेल तर मिथेनचं तसंच, नवीन तापमानवाढ जवळजवळ नाही. कार्बन डायऑक्साइडच्या टाकीला गळतीच नाही, तिथं प्रत्येक बादली साठते. २०२४ मध्ये सरकारनं नेमलेल्या स्वतंत्र पॅनलनं हाच हिशेब केला की २०१७ च्या पातळीवरून नवी तापमानवाढ होऊ द्यायची नसेल तर २०५० पर्यंत किती कपात पुरे, आणि उत्तर आलं १४ ते २४ टक्के. हा आकडा मंत्र्यानं हवेतून काढलेला नाही.

सावळागोंधळ
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५, सं. ७:०२

टाकी आधीच काठोकाठ भरलीये आणि खाली शेजाऱ्याच्या घरात ओल आलीये. पातळी वाढत नाही एवढ्यावर समाधान मानायचं का? मिथेन लवकर मोडतो म्हणूनच तो कमी केला तर आपल्या हयातीत फरक दिसेल, ही संधी आहे, सवलत नाही. वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो.

आणि ‘नवी तापमानवाढ नको’ असं म्हणणं म्हणजे ज्यानं १९९० ते २०१७ मध्ये गायी वाढवून ठेवल्या त्याला बक्षीस. उद्या टांझानियातला माणूस म्हणाला मला दोन गायींच्या चार करायच्यात तर त्याच हिशेबानं तो गुन्हेगार आणि पाचशे गायींवाला निर्दोष. गेल्या जूनमध्ये दोन डझन शास्त्रज्ञांनी न्यूझीलंडचे पंतप्रधान लक्सन यांना खुलं पत्र लिहिलं ते याचसाठी. पॅनलचं गणित बरोबरच आहे, पण पॅनलला विचारलेला प्रश्नच सोयीचा होता.

आकडेमोड
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५, सं. ७:१५

प्रश्न सोयीचा होता हे मान्य. पण मग उलटंही बघा, न्यूझीलंडनं कळप कापला आणि तेच दूध दुसऱ्या देशानं जास्त मिथेन सोडून काढलं तर जगाचं काय भलं झालं? त्यांचं ९५ टक्के दूध परदेशी जातं. गवतावरच्या गायीचं एक किलो दूध तिथं पाऊण किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीत पडतं, जगात सर्वांत कमी असणाऱ्यांत.

सावळागोंधळ
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५, सं. ७:१९

‘आम्ही नाही काढलं तर दुसरा काढेल’ हे प्रत्येक तेलवाला देश पण म्हणतो.

कोपनहेगनकर
बुधवार, ५ नोव्हेंबर २०२५, रा. ११:५०

इकडचं सांगतो. डेन्मार्कनं टॅक्स लावायचं ठरवलंय, २०३० पासून. कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीच्या दर टनाला ३०० क्रोनर, २०३५ ला ७५०. ऐकायला भारी, पण ६० टक्के वजावट आहे त्यामुळे खरे १२० आणि ३०० पडतात. महत्त्वाचं म्हणजे शेतकरी संघटना, पर्यावरणवाले, कामगार संघटना सगळे एका टेबलावर बसून २०२४ च्या जूनमध्ये सही करून उठले. न्यूझीलंडनं तेच तर करून बघितलं होतं, मग तिकडं फिसकटलं कुठं?

आणि इकडंही सगळं गोड नाही. या १ ऑक्टोबरपासून पन्नासाच्या वर गायी असलेल्यांना बोव्हाएर किंवा तसं काही खायला घालणं बंधनकारक झालं, वर्षातले ठरावीक दिवस. महिन्याभरात शेतकरी तक्रार करायला लागले की गायी खात नाहीत, ताप येतो, काही बसल्या त्या उठल्या नाहीत. आता चौकशी चालू आहे, शेजारच्या नॉर्वेतही वापर थांबवलाय. डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं?

डॉ_खूर
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५, स. ७:३०

चौकशी पुरी होऊ दे, मी इथून निदान करणार नाही. युरोपनं परवानगी दिली ती बऱ्याच चाचण्यांनंतर दिली आहे. पण एक सांगतो, एकाच दिवशी हजारो गोठ्यांत खाद्य बदललं की काही ना काही होणारच, कुठं मिक्सिंग नीट नाही, कुठं मात्रा जास्त, कुठं गाय आधीच आजारी. साधी मुरघासाची खड्डी बदलली तरी दोन दिवस दूध हलतं. सक्तीच्या औषधाचा एक तोटा म्हणजे नंतर प्रत्येक आजार त्याच्याच माथी मारला जातो, आणि खरंच त्यानं काही होत असेल तर ते त्या गर्दीत सापडत नाही.

वायकाटोकर
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५, दु. १२:१०

कोपनहेगनकर, फिसकटलं कुठं ते मला दिसतं तसं सांगतो. भागीदारीत संघटनांचे नेते हो म्हणाले पण गावातला शेतकरी म्हणायला लागला आम्हाला कुणी विचारलंच नाही. मग २०२२ ला सरकारनं त्यांच्या प्रस्तावात बदल केले, बांधावरची झाडं, ओढ्याकाठची लागवड वगैरे किती धरायची यावर कात्री लावली. तिथं नेत्यांनाही माघार घ्यायला निमित्त मिळालं. पुढच्या वर्षी निवडणूक होती, झालं.

शेणामेणाचं_घर
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५, दु. २:४५

सगळे गायीच्या मागं लागलेत, कचऱ्याचं कुणी बोलेना. मी ऑकलंडला. २०२३ पासून इथं प्रत्येक घराला उरल्यासुरल्या अन्नाचा वेगळा छोटा डबा दिलाय, ओट्यावर एक आणि बाहेर ठेवायला एक. चहाचा चोथा, कांद्याची सालं, पोळीचे तुकडे, हाडं, सगळं चालतं. हे सगळं ट्रकनं दोनशे किलोमीटरच्या वर रेपोरोआ नावाच्या गावी जातं, तिथं मोठ्ठा गोबरगॅससारखा प्लांट आहे, २०२२ ला सुरू झाला. गॅसची ऊब शेजारच्या टोमॅटोच्या काचघरांना, उरलेली स्लरी शेतांना, आणि गेल्या वर्षीपासून शुद्ध केलेला गॅस पाइपलाइनमध्येही सोडतात.

सुरुवातीला आमच्या गल्लीत काय गहजब! वास येतो, उंदीर येतात, हे आमच्यावर लादलं. निम्मे डबे अजून गॅरेजमध्ये पडलेत. माझी सासू नाशिकहून आली होती, ती म्हणे यात एवढं काय, आमच्याकडे परसात खड्डा होता त्यात घालत होतो. पण खड्ड्यात झाकून कुजवलं तर मिथेन हवेतच जातो ना, फरक तो आहे.

अवांतर_अण्णा
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५, सं. ५:५५

कचऱ्यावरून आठवलं, २०२२ च्या एका सॅटेलाइट अभ्यासात चार शहरांच्या डंपिंग ग्राउंडवरचा मिथेन पकडला होता, ब्युनोस आयर्स, दिल्ली, लाहोर आणि आपली मुंबई. मुंबईचा आकडा ताशी जवळपास १० टन. एका डंपिंगचा! तेव्हा गायीला बोल लावायच्या आधी आपण ओला-सुका वेगळा करतो का ते बघावं.

आणि सॅटेलाइटवरून अजून एक. न्यूझीलंड सरकारनं ‘मिथेनसॅट’मध्ये ३ कोटी डॉलरच्या आसपास घातले होते, अमेरिकेतल्या एका पर्यावरण संस्थेचा उपग्रह, २०२४ च्या मार्चमध्ये उडाला. तेल-गॅसच्या गळत्या पकडायला होता, न्यूझीलंडला त्यावरून शेतीचा मिथेन मोजता येतो का बघायचं होतं, कंट्रोल रूम ऑकलंड युनिव्हर्सिटीत. यंदा जूनमध्ये संपर्क तुटला तो तुटलाच. सव्वा वर्षात राम म्हणाला. जे कधीच न चुकता चालू राहतं ते म्हणजे गायीचं रवंथ.

तिरकस
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५, सं. ६:०१

अण्णांचं अवांतर हेच मूळ धाग्यापेक्षा विषयाला धरून असतं.

पंचगंगा
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५, रा. ९:४०

सगळं वाचलं. आमचा मूळ प्रश्न तसाच राहिला की शेतकऱ्याला काय सुटतं. आणि उद्या आपल्याकडं पण हे येणार काय? मिथेन कमी करायची ती देशोदेशींची शपथ, मिथेन प्लेज, त्यावर भारतानं सही केली नाही ना?

डॉ_खूर
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५, रा. १०:१०

नाही केली. न्यूझीलंडनं २०२१ लाच केली. आपलं म्हणणं असं की आपल्याकडचा मिथेन भाताचा आणि दोन-चार जनावरांचा आहे, पोटापाण्याचा आहे. २०१९ च्या पशुगणनेत १९ कोटींच्या वर गायी-बैल आणि ११ कोटींच्या आसपास म्हशी, त्या लाखो गोठ्यांत वाटलेल्या, त्यांच्यावर टॅक्स बसवायला कोण जाणार?

पण आपल्याकडचं गणित वेगळं आहे. आपली गाय दूध कमी देते, भाकड जास्त काळ राहते, आणि भाकड जनावर पण ढेकर देतंच. त्यामुळे लिटरमागं मिथेन जास्त. कडब्याबरोबर हिरवी वैरण, पेंड, मिनरल मिक्श्चर यांचं प्रमाण नीट बसवलं, वेळेवर गाभण राहिली, कालवड लवकर माजावर आली तर लिटरमागचा मिथेन आपोआप उतरतो आणि दूध वाढतं ते वेगळंच. बेंगळुरूच्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्थेनं ‘हरित धारा’ म्हणून टॅनिनवाल्या झाडपाल्याचं खाद्य काढलंय, मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो म्हणतात. आमच्या भागात मात्र दुकानात मिळत नाही.

लिंकनची_लेक
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५, प. ५:३०

शेतकऱ्याला काय सुटतं यावर, इथं शेणाच्या तलावासाठी ‘इकोपॉंड’ म्हणून आहे. दूध काढायच्या शेडमधलं शेण-मूत धुऊन तलावात जातं, त्यात आयर्न सल्फेट सोडतात, तलावातला मिथेन ९० टक्क्यांच्या वर बंद. लिंकन युनिव्हर्सिटी आणि रेव्हन्सडाउन खतवाल्यांनी मिळून काढलं. पण एकूण मिथेनमध्ये तलावाचा वाटा अगदी थोडा. मी होते त्या भागातल्या एका फार्मवाल्याला विचारलं लावणार का, तो म्हणाला याचे पैसे मला कोण देणार? बरोबरच आहे. वायकाटोकर, इथं मी तुमच्या बाजूला आले असं वाटत असेल तर तेवढ्यापुरतं समजा.

वायकाटोकर
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५, दु. १:०५

तेवढ्यापुरतं पण चालेल! पंचगंगा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या टेबलावरच आहे. फॉंटेरा म्हणजे इथला आपल्या दूध संघासारखाच शेतकऱ्यांचा सहकारी संघ, फक्त अवाढव्य. ते प्रत्येक फार्मला दरवर्षी रिपोर्ट पाठवतात, त्यात तुमच्या दुधामागं किती उत्सर्जन आणि बाकीच्यांच्या तुलनेत तुम्ही कुठं, हे छापलेलं असतं. शेतकरी हिशेबाच्या मीटिंगला ते पान घेऊन येतात आणि आधी शेजाऱ्याचा आकडा विचारतात, आपला नंतर बघतात. यंदा जूनपासून कमी उत्सर्जनवाल्यांना जादा पैसे सुरू झालेत, त्यात मार्स आणि नेस्ले यांचाही पैसा आहे कारण त्यांना आपल्या चॉकलेटच्या आणि दूध पावडरच्या हिशेबात उत्सर्जन कमी दाखवायचंय. बहुतेकांना किलो मिल्क सॉलिड्समागं (दुधातलं फॅट आणि प्रोटीन) १ ते ५ सेंट. अगदी मोजके फार्म, सरासरीपेक्षा खूपच खाली असलेले, त्यांना १० ते २५ सेंट.

आता दुधाचा भाव गेल्या सीझनला किलो सॉलिड्सला १० डॉलरच्या वर होता. करा भागाकार.

पंचगंगा
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५, रा. ८:२०

म्हणजे बहुतेकांना जास्तीत जास्त शंभर रुपयाला पन्नास पैसे. फॅटचा एक पॉइंट खाली आला तर आमच्याकडं याहून जास्त कापतात.

बरं डॉक्टर, एचएफ गाय विऊन चार महिने झाले, अजून माजावर नाही. मिनरल मिक्श्चर रोज किती ग्रॅम घालू? मिथेनचं राहू दे, ती गाभण राहिली म्हणजे झालं.

डॉ_खूर
शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५, रा. ९:००

पन्नास ग्रॅम सुरू करा आणि जवळच्या डॉक्टरांकडून एकदा गर्भाशय तपासून घ्या. जंताचं औषध कधी दिलं होतं? बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.